बिस्साचा पत्ता

सोहारहून आणलं ते एवढंच:
चौदा खोकी, एक शिलाई मशीन
आणि मांजर.
तिच्या कागदांवर माझ्यापेक्षा जास्त शिक्के.
रंगाच्या रकान्यात तिकडच्या कुणी साहेबानं लिहिलेलं,
'वाळू'.

सुकुमार तिकडंच. हप्ते फिटेपर्यंत.
रोज रात्री फोनवर घर बघतो.
"जरा डावीकडं. खिडकी दाखव. आता बिस्सा."
पाचगावच्या माळावर वारं सुटलेलं,
मी फोन धरून फिरते
नसलेल्या स्वयंपाकघरातून नसलेल्या जिन्याकडं.

सासूबाईंनी नकाशा बघितला तेव्हा
ईशान्य विचारली नाही, देव्हारा विचारला नाही.
चष्मा काढून म्हणाल्या,
"ह्या घरात मासळीचा वास यायचा न्हाई."

तिकडं शेजारची नूरा पेडव्यांची डोकी आणून द्यायची.
बाल्कनीचं दार ओढून, श्वास धरून
आम्ही खाऊ घालायचो,
भिंतीवरच्या महावीरांकडं दोघांची पाठ.
इथं दूधभात.
गंगावेशीतलं, डोळ्यांसमोर पिळलेलं म्हशीचं दूध,
पैलवानानं पेला पुढं करावा असं.
बिस्सानं हुंगलं, पंजा झटकला,
आणि दोन दिवस कुणाशी बोलली नाही.

वाळूचा डंपर आला त्या सकाळी मात्र ती धावली.
ढिगावर चढली, थांबली, डोळे मिटले.
माझा गळा भरून आला.
म्हटलं, घर आठवलं हिला.
रायगोंडा गवंडी थापी पुसत म्हणाला,
"घर न्हवं वैनी. संडास."

सिमेंटच्या पोत्यांशेजारी हुलगप्पाचं खोपट,
चार पत्रे, एक निळी ताडपत्री.
तिन्हीसांजेला यमनव्वा तव्यावर सुके बोंबील टाकायची,
तो वास पायाड चढून
वरच्या मजल्यावर, अजून न झालेल्या
आमच्या निजायच्या खोलीत यायचा.
"बा, बा," यमनव्वा म्हणायची.
नूराच्या 'तआली'ला कान हलवणारी,
माझ्या 'ये गं'ला शेपूटही न हलवणारी बिस्सा
उठायची, जायची.
'बा' म्हणजे ये,
हे मला कळायला आठवडा लागला.
तिला कोणी शिकवलं?

फरशी बसली. रंग झाला.
गृहप्रवेशाला तिला कडेवर घेऊन उंबरा ओलांडला,
सुकुमार फोनमधून टाळ्या वाजवत होता,
एक टाळी उशिरा पोचत होती.
उपाध्ये निघेपर्यंत ती शहाण्यासारखी बसली
गार चकचकीत फरशीवर,
पाय पोटाखाली घेऊन,
पाहुणीसारखी.
मग खिडकीतून खोपटात.

पंधरा दिवसांनी टेम्पो आला.
उजळाईवाडीला नवं काम.
पत्रे गेले, ताडपत्री गेली,
ताटवाट्या, एक सायकल, झोपलेलं पोर.
यमनव्वानं माझ्याकडं न बघता विचारलं,
"मांजर नेऊ का अक्का?"
मी नाही म्हटलं.
फार पटकन म्हटलं.

आता अंगणात एक चौकोन राहिलाय,
आजूबाजूला गवत, मध्ये नाही.
तीन काळे दगड.
बिस्सा तिथं बसते, दगडांच्या मध्ये,
राखेत,
टेम्पो गेला त्या रस्त्याकडं तोंड करून.
दूधभात तिथंच नेऊन ठेवते मी.
मुंग्यांचा संसार सुखात आहे.

काल अंधार पडता पडता चौकोनाच्या कडेला
मी उकिडवी बसले
आणि इकडंतिकडं बघून म्हणाले, "बा."
माझा उच्चार चुकत असावा.
मागं सासूबाई उभ्या होत्या, नाकाला पदर लावून,
अजून कशाचाच वास नसताना.
"घरात न्हाई म्हटलं हुतं मी," त्या म्हणाल्या.
"अंगणाचं काय बोलले न्हवते."
मग बऱ्याच वेळानं,
"बोंबील वजनावर मिळत्यात का नगावर?"

रात्री सुकुमारचा फोन.
"खिडकी दाखव. जिना. आता बिस्सा."
दाखवली.
"तिच्याभोवती काळं काय ते?"
"चूल."
"आपल्या नकाशात न्हवती की."
"न्हवती," म्हटलं,
आणि बॅटरी संपत आली होती.